चान्या कुठे गेल्या? बंदीची दहा वर्षे आणि आपल्या ताटातला वाटा

महाराष्ट्रात ४ मार्च २०१५ पासून गाईबरोबरच बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. या बंदीला दहा वर्षे उलटून गेली. या काळात गाय पवित्र की उपयुक्त, बंदी कोणाच्या मतांसाठी, त्रास कोणत्या समाजाला, यावर भरपूर बोलले आणि लिहिले गेले. पण ज्या वस्त्यांमध्ये बैलाचे मांस पिढ्यान्‌पिढ्या शिजत, भाजले जात आणि वाळवले जात होते, त्या वस्त्यांच्या चुलीचे काय झाले, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. आपल्या चळवळीनेही तो नेटाने विचारला नाही.

म्हणून आज एका साध्या पदार्थावरून या राजकारणाकडे पाहू. तो पदार्थ म्हणजे चान्या. आजच्या विशी-पंचविशीतल्या किती जणांनी चान्या पाहिल्या आहेत? निखाऱ्यावर भाजलेली चानी भाकरीबरोबर किती जणांनी खाल्ली आहे? आजीला विचारले तर ती सांगेल. आईला विचारले तर ती कदाचित विषय बदलेल. आणि आपल्याला विचारले तर आपण म्हणू, ऐकले आहे. तीन पिढ्यांत एक पदार्थ तोंडातून कानापर्यंत गेला. तो का गेला आणि कोणी घालवला, हे नीट समजून घेतले पाहिजे. कारण त्याला एक नव्हे, दोन कारणे आहेत, आणि ती दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध आहेत.

चान्या म्हणजे नेमके काय?

चान्या हा जितका पदार्थ आहे तितकाच तो मांस कापण्याचा एक प्रकार आहे. आज दुकानात आपण बोट्या करून घेतो. चान्यांसाठी तसे चालत नाही. त्यासाठी मांडीचा किंवा पुठ्ठ्याचा बिनहाडाचा मोठा गोळा लागतो. त्यावरची चरबी काढून टाकायची, कारण चरबी राहिली की वाळवणाला खवट वास येतो. मग तो गोळा मांसाच्या धाग्याच्या दिशेने उलगडत जायचा आणि लांब, पातळ पट्ट्या काढायच्या. त्यांना मीठ चोळायचे, कोणी हळदही लावते. मग दोरीवर किंवा तारेवर टाकून कडक उन्हात वाळवायच्या. पट्टी लाकडासारखी कडक झाली की मडक्यात किंवा डब्यात भरून ठेवायची. भागाभागांत नावे आणि तपशील थोडे बदलतात, पण रीत हीच.

यामागे पक्के शहाणपण आहे. कच्च्या मांसात साधारण ७० ते ७५ टक्के पाणी असते. ते पाणी उन्हाने काढून टाकले आणि मीठ लावले की मांस लवकर सडत नाही. मोठ्या जनावराचे मांस एकदम आणि भरपूर येते. ज्या घरात फ्रीज नव्हता, तिथे ते टिकवण्याचा दुसरा मार्ग नव्हता. पावसाळ्यात हाताला काम नसे आणि घरात भाजी नसे, तेव्हा मडक्यातल्या दोन पट्ट्या निखाऱ्यावर टाकायच्या, दगडाने ठेचून मोकळ्या करायच्या आणि भाकरीबरोबर खायच्या. डाळीत टाकल्या की कालवणालाही चव यायची. गरिबाची ही साठवण होती.

हे सगळे छापील कागदावर यायला फार वेळ लागला. मराठी पाककृतींची शेकडो पुस्तके निघाली, त्यात हे घर जवळजवळ नव्हतेच. २००९ साली पुणे विद्यापीठात प्रा. शर्मिला रेगे यांच्याबरोबर विद्यार्थ्यांनी दलितांच्या अन्नाच्या आठवणी आणि इतिहास यावर एक पुस्तिका केली. २०१५ साली, म्हणजे बंदी आली त्याच वर्षी, शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ प्रसिद्ध झाले आणि मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या स्वयंपाकाची सविस्तर नोंद झाली. २०२४ मध्ये भूषण कोरगावकर यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद आला आणि देशभर त्याची चर्चा झाली. म्हणजे पदार्थ ताटातून जाऊ लागला, तेव्हा तो पुस्तकात आला.

पहिले कारण: आपण स्वतः सोडलेले

इथे काही मंडळी लगेच म्हणतील की हे अन्न तर बाबासाहेबांनीच सोडायला सांगितले. मग आता त्याचे कौतुक कशाला? हा आक्षेप प्रामाणिक आहे, त्याचे उत्तर प्रामाणिकपणेच दिले पाहिजे.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला झालेल्या परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस खाणे सोडा असे सांगितले. मृतमांस म्हणजे रोगाने, म्हातारपणाने किंवा अपघाताने मेलेल्या जनावराचे मांस. गावातले मेलेले ढोर ओढणे हे महारांवर लादलेले काम होते. त्याच्या बदल्यात त्यांना मिळे ते त्या जनावराचे मांस. काम घाण ठरवलेले, मोबदलाही घाण ठरवलेला, आणि मग तो मोबदला खातो म्हणून माणूसही घाण ठरवलेला. असा हा फास होता. बाबासाहेबांनी तो मुळापासून कापला. १९२८ साली त्यांनी वतनाच्या कायद्यात दुरुस्तीसाठी मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द झाली.

मेलेली ढोरे ओढणे सोडल्यामुळे अस्पृश्यांचे कातडे, शिंगे, मांस यांचे किती रुपयांचे नुकसान होते, असा हिशेब तेव्हा केसरीतून मांडला गेला होता. त्याचा उल्लेख बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणातही केला. त्यांची भूमिका स्पष्ट होती. इतका फायदा असेल तर तो तुम्हीच घ्या, आम्हाला माणुसकी हवी आहे.

आता यात गाय पवित्र असल्याचा मुद्दा कुठे आहे? कुठेच नाही. उलट १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यतेच्या उगमावरील ग्रंथात बाबासाहेबांनी दाखवले की प्राचीन काळी ब्राह्मणही गोमांस खात होते आणि गोमांसभक्षणाचा व अस्पृश्यतेचा संबंध नंतर जोडला गेला. त्यांचा विरोध लादलेल्या कामाला, सडक्या मोबदल्याला आणि त्यातून येणाऱ्या लाचारीला होता.

आज दुकानातून, स्वतःच्या कमाईच्या पैशाने, तपासणी होऊन कापलेल्या जनावराचे मांस आणणे याचा त्या लाचारीशी काही संबंध नाही. शिवाय अनुसूचित जातीच्या माणसाला मेलेले जनावर ओढायला लावणे हा अत्याचार प्रतिबंधक कायद्यातील दुरुस्तीनंतर आता गुन्हा आहे. महाडला सुरू झालेला लढा तिथपर्यंत पोहोचला आहे. तेव्हा मृतमांसाचा त्याग ही आपली शान आहे, ती तशीच राहील. पण त्या त्यागाचा दाखला देऊन कोणी गोवंश बंदीचे समर्थन करत असेल, तर तो बाबासाहेबांना उलटे वाचतो आहे.

धम्माचा प्रश्न

दुसरा आक्षेप आपल्या घरातूनच येतो. बौद्धाने मांस खावे का? प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आपण घेतली आहे. अनेक उपासक-उपासिका मांस खात नाहीत, आणि त्यांच्या निर्णयाचा आदर केलाच पाहिजे.

पण या प्रश्नावर बुद्धाची भूमिका सरधोपट नव्हती. भिक्षूसाठी मुद्दाम मारलेले आपण पाहिले, ऐकले किंवा तसा संशय आला, तर ते मांस त्याने घेऊ नये. एरवी भिक्षेत आलेले घ्यायला हरकत नाही, असा विनयाचा नियम आहे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी हिंसेची इच्छा आणि हिंसेची गरज यात फरक केला. अहिंसा त्यांनी आंधळा नियम म्हणून मांडली नाही, तर विवेकाने वापरायचे तत्त्व म्हणून मांडली.

म्हणून मांस सोडायचे असेल तर ते विवेकाने सोडावे. पोलिसाच्या भीतीने किंवा जमावाच्या भीतीने सोडले, तर ते शील नाही. ती पुन्हा लाचारीच झाली.

दुसरे कारण: कायद्याने काढून घेतलेले

आता दुसऱ्या कारणाकडे येऊ. कायदा नेमका काय सांगतो, हे कार्यकर्त्यांना तोंडपाठ पाहिजे, कारण अर्धी भीती अज्ञानातून येते.

१९७६ च्या महाराष्ट्र प्राणी रक्षण कायद्याने गाईच्या कत्तलीवर बंदी होती. बैल आणि वळू मात्र कामाला निरुपयोगी असल्याचे प्रमाणपत्र मिळाले तर कापता येत. १९९५ साली युती सरकारच्या काळात विधिमंडळाने दुरुस्ती विधेयक मंजूर केले आणि बैल-वळूही बंदीत आले. ते विधेयक जवळजवळ २० वर्षे पडून होते. फेब्रुवारी २०१५ मध्ये त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. कत्तलीसाठी ५ वर्षांपर्यंत कैद आणि १० हजार रुपयांपर्यंत दंड, तर राज्यात कापलेल्या गोवंशाचे मांस जवळ बाळगल्यास १ वर्षापर्यंत कैद आणि २ हजारांपर्यंत दंड, अशी शिक्षा ठरली.

६ मे २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने या कायद्यावर निकाल दिला. कत्तलीवरची बंदी कायम राहिली. पण परराज्यात कापलेले मांस बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम न्यायालयाने रद्द केले. माणसाने आपल्या घरात काय खावे यात सरकारने घुसणे हे खासगीपणाच्या विरुद्ध आहे, हा त्यामागचा विचार होता. आपण निर्दोष आहोत हे आरोपीनेच सिद्ध करावे, असे सांगणारे कलमही रद्द झाले. मांस बाळगण्याच्या गुन्ह्यात, ते गोवंशाचे आहे हे माणसाला माहीत असले पाहिजे, असा अर्थ लावला गेला. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०१७ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे सांगितले.

या सगळ्यात सर्वांत महत्त्वाची गोष्ट सर्वांत कमी लोकांना माहीत असते. म्हशी-रेड्याच्या मांसावर महाराष्ट्रात बंदी नाही. कत्तलीसाठी प्रमाणपत्राचे नियम आहेत, परवाने आहेत, पण बड्याचे मटण विकत घेणे, घरी आणणे आणि खाणे हा गुन्हा नाही.

संविधानाचा दाखलाही नेहमी अर्धवट दिला जातो. गोरक्षणाची दुरुस्ती संविधान सभेत २४ नोव्हेंबर १९४८ रोजी पंडित ठाकूरदास भार्गव यांनी मांडली. ती मूलभूत हक्कात नव्हे, तर मार्गदर्शक तत्त्वात, कलम ४८ मध्ये आली. त्या कलमाची सुरुवात शेती आणि पशुपालन आधुनिक व शास्त्रीय पद्धतीने संघटित करण्यापासून होते. धर्माचा शब्दही त्यात नाही. मग शास्त्रीय पद्धतीने विचार करायचा तर म्हाताऱ्या बैलाचे शेतकऱ्याने काय करायचे, याचे उत्तर सरकारने द्यायला हवे.

कायद्यापेक्षा मोठी भीती

पण गेल्या दहा वर्षांत चूल विझली ती केवळ कलमांमुळे नाही. ती रस्त्यावरच्या भीतीमुळे विझली.

जून २०२३ मध्ये नाशिक जिल्ह्यात गुरे किंवा मांस नेत असल्याच्या संशयावरून झालेल्या मारहाणीत दोन मुस्लिमांचा जीव गेला. ऑगस्ट २०२४ मध्ये इगतपुरीजवळ धावत्या रेल्वेत एका वृद्धाला, मुलीकडे जात असताना, डब्यातल्या मांसावरून तरुणांच्या टोळक्याने मारले. हे मांस म्हशीचे आहे, असे तो माणूस सांगत होता. म्हणजे ज्यावर बंदीच नाही, त्यावरून मारहाण झाली. हल्लेखोराला कायदा माहीत असण्याची गरज नसते. डबा उघडायचा अधिकार आपल्याला आहे, असे त्याला वाटले की पुरते.

आपल्या समाजाला हे नवे नाही. ऑक्टोबर २००२ मध्ये हरियाणातील दुलिना येथे गाईच्या कातड्यावरून ५ दलितांना जमावाने ठार केले. ११ जुलै २०१६ रोजी गुजरातमधील उना तालुक्यात मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना गाडीला बांधून फोडून काढले. त्या कुटुंबाने एप्रिल २०१८ मध्ये बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. ही घटना प्रत्येक तरुणाने लक्षात ठेवावी. आधी जातीने हे काम लादले, मग तेच काम केले म्हणून जातीनेच मारले.

२०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या कुरेशी समाजाने गोरक्षकांच्या जाचाला कंटाळून जनावरांची खरेदी बंद ठेवली. तेव्हा पहिला आवाज शेतकऱ्याचा आला. बाजारात आणलेली जनावरे विकली जाईनात, परत नेऊन बांधायची तर चारा कोण देणार? अखेर उपमुख्यमंत्री अजित पवार यांना बैठक घ्यावी लागली आणि गाड्या अडवून तपासण्याचा अधिकार खासगी व्यक्तींना नाही, हे सांगावे लागले. कायद्यानेही तो अधिकार फौजदारापासून वरच्या पोलिसांना आणि सरकारने नेमलेल्या व्यक्तीलाच आहे. जे आधीपासून लिहिलेले होते, ते पुन्हा सांगायला एका समाजाला आपला धंदा बंद ठेवावा लागला.

या संपातून एक गोष्ट उघड झाली. शेतकरी, बाजारातला व्यापारी, टेम्पोवाला, खाटीक, कातडे कमावणारा, चपला शिवणारा आणि मांस खाणारा ही एकच साखळी आहे. एक कडी तुटली की सगळेच अडतात. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि २०२५ मध्ये प्राडासारख्या इटालियन कंपनीने तशाच चपला मिलानच्या मंचावर आणल्या, तेव्हा राज्यभर अभिमान उसळला. पण त्या चपलेचे कातडे आकाशातून पडत नाही. कातड्याचा अभिमान आणि मांसाची लाज, असा हा दुटप्पीपणा आहे.

त्याहून मोठा दुटप्पीपणा निर्यातीत दिसतो. म्हशीच्या मांसाच्या निर्यातीत भारत जगातल्या आघाडीच्या देशांपैकी आहे. २०२३-२४ मध्ये देशाने ३.५ अब्ज डॉलरहून अधिक किमतीचे असे मांस परदेशी पाठवले. व्हिएतनाम, मलेशिया, इजिप्त हे मोठे ग्राहक आहेत. बंद कंटेनरमधून बंदरावर जाणारे मांस ही राष्ट्रीय कमाई, आणि तेच मांस डब्यातून लेकीच्या घरी नेणारा म्हातारा गुन्हेगार. मांस तेच आहे. फरक आहे तो कोणाच्या हातात आहे याचा.

आणि ३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्य सरकारने देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ घोषित केले, गोशाळांना देशी गाईमागे दिवसाला ५० रुपये अनुदान जाहीर केले. याच राज्यात पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत आणि एका पदार्थाने तो जाणार नाही. पण लोह आणि प्रथिने देणारे, गरिबाला परवडणारे अन्न त्याच्या आवाक्याबाहेर नेताना, सरकारने त्याच्या ताटात बदली काय ठेवले, हे विचारायचा आपल्याला अधिकार आहे.

जगात असेच घडले, पण शेवट वेगळा झाला

गरिबाच्या वाट्याला आलेले मांस ही केवळ आपली गोष्ट नाही. अमेरिकेतल्या टेक्सासच्या दक्षिण सीमेवर मोठमोठ्या गुरांच्या वाड्यांवर मेक्सिकन मजूर राबत. जनावर कापले की चांगला भाग मालकाचा. मजुराला मजुरीचा भाग म्हणून डोके, आतडी, कातडे आणि बरगडीखालच्या पडद्याची चिवट पट्टी मिळे. मजुरांनी ती पट्टी निखाऱ्यावर भाजली, आडवी बारीक कापली आणि पोळीत गुंडाळून खाल्ली. तिला ते फहीता म्हणत. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ छोटी पट्टी. १९६९ मध्ये टेक्सासमधल्या काइल गावच्या जत्रेत सॉनी फाल्कन यांनी ती विकायला मांडली. १९७३ मध्ये ह्यूस्टनमध्ये निन्फा लॉरेन्झो यांच्या हॉटेलात ती गाजली. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ती अमेरिकाभर गेली. मग ज्या पट्टीला कोणी विचारत नव्हते तिचा भाव इतका वाढला की ती मूळ खाणाऱ्यालाच महाग झाली.

जपानमधला बुराकू समाजही आपल्याला जवळचा आहे. बौद्ध देशात, कत्तल आणि कातड्याच्या कामामुळे अस्पृश्य ठरवलेला हा समाज. ओसाका भागातल्या त्यांच्या वस्त्यांमध्ये गाईची आतडी तिच्याच चरबीत कडक तळून ठेवत. आज तोच पदार्थ घातलेले शेवयांचे सूप ओसाकाची खासियत म्हणून सर्रास विकले जाते. खाणाऱ्या बहुतेकांना तो कोणाच्या चुलीवरून आला, याची खबरही नसते.

या दोन गोष्टींतून दोन धडे मिळतात. पहिला असा की शोषितांच्या स्वयंपाकात नुसती नाइलाजाची तडजोड नसते, त्यात कसब असते, आणि जगाला ते आवडते. दुसरा असा की आपण आपले नाव त्यावर लिहिले नाही, तर पदार्थ वर जातो आणि माणूस खालीच राहतो. आपल्याकडे तर तेवढेही घडले नाही. टेक्सासच्या मजुराची पट्टी महाग झाली, आपली पट्टी संशयित झाली.

मग शोधायच्या कुठे, भाजायच्या कशा?

चान्या आज करता येतात. परवानाधारक दुकानातून म्हशीचे किंवा हल्याचे मांस घ्यावे. बोट्या करू नका, मांडीचा बिनहाडाचा सलग तुकडा द्या, असे खाटकाला सांगावे. जुना खाटीक असेल तर त्याला कशासाठी हवा ते लगेच कळते, आणि पट्ट्याही तोच काढून देतो. पावती मागून घ्यावी आणि ती जपावी. पट्ट्या करंगळीएवढ्या जाडीपेक्षा जास्त नसाव्यात, नाहीतर बाहेरून वाळते आणि आत ओल राहते. मीठ सढळ हाताने लावावे. ऊन कडक हवे, म्हणून फाल्गुनापासून वैशाखापर्यंतचे दिवस उत्तम. दमट आणि ढगाळ हवेत हा खटाटोप करू नये. माशा बसू नयेत म्हणून वरून मच्छरदाणीचे कापड टाकावे आणि रात्री पट्ट्या घरात घ्याव्यात. वाकवली की मोडते अशी झाली म्हणजे चानी तयार.

भाजताना जाळ नको, निखारे हवेत. जाळावर ती वरून करपते आणि आत चामड्यासारखी राहते. निखाऱ्यावर उलटसुलट करत रंग गडद होऊन वास सुटेपर्यंत भाजावी, गरम असतानाच वरवंट्याने ठेचावी आणि धागे मोकळे करून कांदा, मिरची आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर खावी. यात मसाल्याचा डामडौल नाही. मिठाची, धुराची आणि उन्हाची चव आहे.

आपण काय करायचे?

पहिले काम नोंदीचे. घरातल्या आजी-आत्यांशी बोला. त्या कशा कापायच्या, काय लावायच्या, कोणत्या सणाला किंवा कोणत्या संकटात हे डबे उघडायच्या, ते लिहून घ्या. आवाज रेकॉर्ड करा. ही पिढी गेली की पुस्तकाशिवाय काही उरणार नाही.

दुसरे काम कायद्याचे. प्रत्येक वस्तीत, प्रत्येक वसतिगृहात दोन-तीन तरुणांना तरी हे माहीत हवे की कशावर बंदी आहे, कशावर नाही, तपासायचा अधिकार कोणाला आहे आणि अडवले तर कोणाला फोन करायचा. जमावाशी वाद घालू नये, जीव आधी सांभाळावा. पण नंतर तक्रार नोंदवल्याशिवाय गप्प बसू नये.

तिसरे काम सोबतीचे. कुरेशी समाजाचा लढा हा त्यांचा एकट्याचा नाही. म्हाताऱ्या बैलाची किंमत बुडालेला कुणबी, कातडे मिळत नाही म्हणून बसलेला चर्मकार आणि प्रथिनांसाठी महागड्या बोकडाच्या मटणाकडे बघत बसलेला आपला मजूर हे एकाच बाजूला उभे आहेत. हे त्यांना सांगणारे कोणी नाही. ते आपण सांगितले पाहिजे.

आणि एक पथ्य पाळायला हवे. चान्या खाणे ही आंबेडकरवादी असल्याची परीक्षा होऊ नये. जो खात नाही तो कमी पडला असे नाही, जो खातो तो जास्त लढवय्या असेही नाही. दुसऱ्याला डिवचण्यासाठी अन्न वापरणे म्हणजे त्यांच्याच आखाड्यात उतरणे आहे. आपला मुद्दा साधा आहे आणि तो साधाच राहू द्यावा. काय सोडायचे ते आम्ही १९२७ साली स्वतः ठरवले. काय खायचे तेही आम्हीच ठरवणार.

जयभीम.